जमैकन लोकप्रिय संगीत
जमैका बेटावरील मेंटो हे लोकसंगीत आणि अमेरिकेतून आलेले ऱ्हिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून घडलेली संगीतपरंपरा. तिचा पाया रंगमंचावर नव्हे, रस्त्यावर रचला गेला. १९५० च्या दशकात किंग्स्टनमध्ये प्रचंड कर्ण्यांवरून तबकड्या वाजवणाऱ्या ‘साउंड सिस्टिम’ गाजू लागल्या. त्या चालवणारे माजी पोलीस व दारूविक्रेता ड्यूक रीड आणि क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड यांच्यातील चुरस विलक्षण होती. प्रतिस्पर्ध्याला गाणे ओळखता येऊ नये म्हणून तबकड्यांवरची नावे चक्क खरवडून टाकली जात.

अमेरिकेत रॉक अँड रोलची लाट आली, ऱ्हिदम अँड ब्लूजच्या हव्या तशा तबकड्या मिळेनात. मग याच मंडळींनी स्थानिक वादकांना हाताशी धरून ध्वनिमुद्रण सुरू केले आणि दशकाअखेरीस ‘स्का’ हा संगीतप्रकार जन्मला. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या स्कॅटलाइट्स या वाद्यवृंदातील डॉन ड्रमंड, टॉमी मॅककुक आदी वादक कॅथलिक जोगिणींच्या अल्फा शाळेत शिकलेले. वेलर्सचे, म्हणजे बॉब मार्लीच्या चमूचे, पहिले गाजलेले गाणेही त्याच सुमारास डॉडच्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले.

१९६६ च्या सुमारास लय संथावून ‘रॉकस्टेडी’ आले, १९६८ मध्ये रेगे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या किंग टबीने पुढे गाण्यातील गायन वगळून, प्रतिध्वनी मिसळून ‘डब’ घडवले. त्याचे वाद्य म्हणजे मिक्सिंगचे यंत्र.