दत्तकविधान

दत्तकविधान : जनक आईबापांचे मूल कायद्याने दुसऱ्या कुटुंबाचे करण्याचा विधी. हिंदूंना (बौद्ध, जैन, शीख धरून) हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 लागू आहे.

विधीचा गाभा देणे-घेणे. आईबापांनी मूल प्रत्यक्ष उचलून घेणाऱ्याच्या मांडीवर ठेवायचे. दत्तहोम सक्तीचा नाही. पेढे वाटले, फोटो काढले, तरी न्यायालयात प्रश्न उरतो तो मूल कोणी दिले आणि कोणी घेतले एवढाच. उभय पक्षांच्या सह्यांचे नोंदणीकृत दत्तकपत्र असल्यास, उलट पुरावा येईपर्यंत दत्तक वैध धरतात (कलम 16).

अटी : मूल अविवाहित व 15 वर्षांखालील हवे, रूढी असल्यास दोन्हींना अपवाद. औरस मुलगा, नातू वा पणतू हयात असता मुलगा घेता येत नाही. घेणारा व मूल भिन्नलिंगी असल्यास वयात किमान 21 वर्षांचे अंतर लागते. मोबदला घेणे गुन्हा आहे. वैध दत्तक रद्द होत नाही.

विधवेचे दत्तक : मुंबई इलाख्याचा हा खास विषय. बंगालात विधवेला पतीची अनुज्ञा लागे, मिथिलेत तिला दत्तक घेताच येत नसे, महाराष्ट्रात मात्र पतीने मनाई केली नसेल तर अनुज्ञेवाचून चाले (रखमाबाई वि. राधाबाई, 1868). असा मुलगा पतीच्या मृत्युदिनापासूनच पुत्र मानला जाई. त्यामुळे भावकीत वाटणी होऊन वर्षे लोटल्यावरही सातबाऱ्यावरची नावे डळमळत. प्रिव्ही कौन्सिलने 1943 साली अनंत वि. शंकर खटल्यात या तत्त्वाला बरेच रान मोकळे करून दिले. सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली श्रीनिवास वि. नारायण खटल्यात त्याला आवर घातला. 1956 च्या कलम 12 ने आधीच दुसऱ्याकडे गेलेली मिळकत दत्तकाला परत काढून घेता येत नाही असे ठरवले. कज्जेदलालांचे मोठे कुरण तेव्हा आटले.

मुलींचे दत्तक : 1956 पूर्वी सर्वसाधारणपणे अमान्य.

संस्थेमार्फत दत्तक : बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार, कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला. बाल कल्याण समिती मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करते. स्वेच्छेने मूल सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात. सप्टेंबर 2022 पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

परिणाम : दत्तक मुलाचे जन्मकुटुंबाशी नाते तुटते, मात्र तेथे ज्यांच्याशी विवाह निषिद्ध होता, त्यांच्याशी तो निषिद्धच राहतो.