पगार कोण देतंय?

गेल्या संक्रांतीला आमच्या गल्लीत एका घरी हळदीकुंकू होतं. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं आणि पांढरा कोट घातलेली एक मुलगी बोलायला उभी राहिली. ‘घरातल्या सगळ्यांना वाढता, तुमच्या स्वतःच्या ताटात काय उरतं ते कधी बघता का?’ असं तिनं विचारलं तेव्हा चारजणींचे डोळे भरून आले. माझेही. मग तिनं एका लहानशा यंत्रावर आमच्या टाचा तपासल्या. आम्ही २२ जणी होतो आणि २२ जणींचीही हाडं ठिसूळ निघाली! शेवटी पिशवीतून पावडरीचे डबे बाहेर आले. मीही एक घेतला.

शेजारच्या आक्कांनी घेतला नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत त्यांची ३० वर्षं गेलेली. घरी परतताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘बोलली चांगलं गं पोरगी. पर हिला पगार कोण देतंय?’

शाळा न शिकलेल्या आक्कांनी विचारलेला हा प्रश्न १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या शिकल्यासवरल्या बायकांना वेळेवर सुचला नव्हता. ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. तीही तंबाखूचीच.

अमेरिकेत १९२० च्या घटनादुरुस्तीनं बायकांना मताचा हक्क मिळाला. पण भर रस्त्यात सिगारेट ओढणारी बाई अजून वाईट चालीची समजली जाई. ‘लकी स्ट्राइक’ सिगारेट विकणाऱ्या अमेरिकन टोबॅको कंपनीचा अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हिल याला यात एकच गोष्ट दिसत होती : निम्मं गिऱ्हाईक हातचं जातंय. आधी त्यानं जाडीची भीती घातली. गोड खायची इच्छा झाली तर त्याऐवजी सिगारेट घ्या, अशा जाहिराती केल्या. मग रस्त्यावरची बंदी मोडायचं काम त्यानं एडवर्ड बर्नेजला दिलं. हा मनोविश्लेषक फ्रॉइडचा भाचा. लोकांची मनं कशी वळवावीत हाच त्याचा धंदा, आणि १९२८ मध्ये त्यानं ‘प्रॉपगंडा’ नावाचं पुस्तकही लिहिलेलं.

बर्नेजनं ए. ए. ब्रिल या मनोविश्लेषकाला पैसे देऊन सल्ला घेतला. ब्रिलचं म्हणणं, पुरुषांची मक्तेदारी असलेली सिगारेट बायकांना स्वातंत्र्याची मशाल वाटू शकते. बर्नेजला तेवढं पुरे होतं. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. नटूनथटून लोक फिफ्थ अव्हेन्यूवर फिरायला निघालेले. त्या गर्दीत काही तरुणींनी सिगारेटी पेटवल्या. बर्था हंट नावाच्या तरुणीनं पत्रकारांना सांगितलं, एका पुरुषानं मला रस्त्यात सिगारेट विझवायला लावली होती, त्यातून ही कल्पना सुचली. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. बर्था ही बर्नेजची सेक्रेटरी आहे, हे मात्र वाचणाऱ्यांना कळलं नाही. कंपनीचं नावही कुठं नव्हतं.

मला यातली फसवणूक नेमकी कुठं आहे ते शोधायला वेळ लागला. कारण बायकांचं दुःख खोटं नव्हतं. पुरुषाला चालतं ते बाईला का चालू नये, हा प्रश्न रास्तच होता. रूथ हेलसारख्या स्त्रीहक्कांसाठी झगडणाऱ्या बाईनंही म्हणून आपलं नाव त्या हाकेला दिलं. जखम खरी होती. तिच्यावर बोट ठेवणाऱ्याचा खिसा कोण भरतंय, तेवढंच लपवलं होतं.

पाच वर्षांनी त्यानं याच्याही पुढची मजल मारली. लकी स्ट्राइकचं पाकीट हिरवं. कपड्यांशी जुळत नाही म्हणून बायका ते घेत नाहीत, अशी तक्रार होती. हिल पाकीट बदलायला तयार नव्हता. मग बर्नेजनं हिरव्या रंगाचीच फॅशन आणायचं ठरवलं. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोठा ‘हिरवा’ नृत्यसोहळा झाला, तोही स्त्रियांच्या एका रुग्णालयाच्या मदतीसाठी. हिरवी वस्त्रं घालून नाचणाऱ्यांना आपण पाकिटाची जाहिरात करतोय याचा पत्ताही नव्हता.

एका मिरवणुकीनं अमेरिकेतल्या बायका सिगारेट ओढू लागल्या, असं मात्र समजू नका. ते प्रमाण आधीपासूनच वाढत होतं. बर्नेज पुढं आयुष्यभर ही गोष्ट रंगवून सांगत राहिला, म्हणजे स्वतःचीही जाहिरातच! सिगारेटचे सगळे धोके १९२९ मध्ये ठाऊक नव्हते हेही खरं. म्हातारपणी तो धूम्रपानाच्या विरोधात बोललादेखील. पण १९८७ च्या सुमारास अमेरिकेतल्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे बळी स्तनाच्या कर्करोगापेक्षा जास्त झाले.

निपाणीच्या वखारीत तंबाखूची धूळ नाकात जाऊ नये म्हणून बायका तोंडाला फडकं बांधायच्या. आक्का अजून पहाटे खोकतात. पानाच्या त्या टोकाला खोकला आणि या टोकाला स्वातंत्र्याची मशाल! आक्कांना कुणी कसलं स्वप्न दाखवलं नव्हतं. कदाचित म्हणूनच त्यांनी सरळ पगाराचं विचारलं.

आठवड्यानं मी डब्यावरच्या नंबरावर फोन केला. तीच मुलगी बोलली. म्हटलं, ‘बाळ, तू डॉक्टर आहेस का?’ थोडा वेळ ती गप्पच. मग म्हणाली, ‘नाही काकू. कोट कंपनीनं दिलाय. मला डब्यामागं कमिशन मिळतं.’ तिचा राग नाही आला. तिलाही घर चालवायचं होतं. राग आला तो माझाच. माझ्या ताटात काय उरतं हे घरातल्या कुणी विचारलं नव्हतं, तिनं विचारलं, आणि तेवढ्यावर मी पाकीट उघडलं.

या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्याकडे आहे. आक्कांनी तो प्रश्न माझ्या कानात विचारला होता. कुणी डबे घेऊन आलंच, तर सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारायचं मी ठरवलंय.