समीकरणातल्या ‘अर्ध्या’चे मूळ

शाळेत पाठ केलेले गतीचे समीकरण आठवा: सुरुवातीचा वेग गुणिले काळ, अधिक त्वरण गुणिले काळाचा वर्ग याचे अर्धे, म्हणजे कापलेले अंतर. हे ‘अर्धे’ कुठून आले? मी ते न विचारताच परीक्षा दिल्या. नातीने विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

उत्तर चौदाव्या शतकात आहे. १३३५ मध्ये ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातील विल्यम हेट्सबरीने नियम मांडला: वेग एकसारखा वाढत असेल, तर कापलेले अंतर मधल्या क्षणाच्या वेगाने तेवढ्याच काळात कापलेल्या अंतराइतकेच असते. पुढे फ्रान्सच्या निकोल ओरेमने ते आकृतीत दाखवले. आडव्या रेषेवर काळ, तिच्यावर उभ्या रेषांनी वेग. आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर. हीच रीत त्याने उष्णतेसारख्या गुणांनाही लावली. दवाखान्यात तापाचा आलेख काढणाऱ्या माझ्यासारख्याला हे विशेष जवळचे वाटते.

आता कागद घ्या. वेग सेकंदाला २ मीटर होता, ४ सेकंदांत एकसारखा वाढून १० झाला. रेषेचा चढ ८ भागिले ४, म्हणजे त्वरण २. वेग सुरुवातीच्या २ वरून २ गुणिले ४ ने वाढला, हे पहिले समीकरण. रेषेखाली एक आयत, २ गुणिले ४, म्हणजे ८; त्यावर त्रिकोण, ४ गुणिले ८ चे अर्धे, म्हणजे १६. एकूण २४ मीटर, हे दुसरे. ‘अर्धे’ त्या त्रिकोणाचे आहे! मर्टनच्या नियमाने पडताळा: सरासरी वेग ६, गुणिले ४, पुन्हा २४. तिसरेही जुळते: १०० वजा ४ म्हणजे ९६, आणि २ गुणिले २ गुणिले २४ म्हणजेही ९६.

ओरेमने मात्र हे पडणाऱ्या वस्तूवर मोजून पाहिले नव्हते. ते गॅलिलिओने केले. उतरत्या फळीच्या खोबणीतून काशाचा गोळा सोडून, भांड्यातून गळलेले पाणी तोलून त्याने काळ मोजला. १६३८ मध्ये लायडनला छापलेल्या ग्रंथात त्याची सिद्धताही अशाच त्रिकोणावर उभी आहे.

म्हणजे आकृती आधी, मोजणी नंतर, आणि आपले अक्षरी सूत्र त्याहूनही नंतर. शाळेत मात्र आपण शेवटापासून सुरुवात करतो, आणि सूत्र विसरले की मूल गणितालाच भिते. मी मराठीतून शिकलो, नात इंग्रजीतून शिकते; त्रिकोण दोघांचा एकच. घरातल्या मुलाला सूत्र सांगण्याआधी एकदा तो काढून दाखवा.