निफाडच्या थंडीतल्या सायकली

डिसेंबर लागला की वर्तमानपत्रांत निफाडचं नाव येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांच्या खाली गेला, की पुण्या-मुंबईच्या लोकांना आमच्या तालुक्याची आठवण होते. शेकोटीभोवती बसलेल्या माणसांचा फोटो छापून येतो. द्राक्षवाला काळजीत, गहू-हरभरेवाला खुशीत, अशी दोन वाक्यं त्याच्याखाली असतात. पण त्याच पहाटे, शेकोटी पेटायच्याही आधी, जी माणसं सायकलवर टांग मारून निघालेली असत त्यांची नोंद कुठं सापडत नाही. ती करावी म्हणून हे लिहितो. मीही त्यांच्यातलाच एक. 1972 पासून सायकल चालवतोय आणि निफाडचा एकही हिवाळा सुटलेला नाही.

आमचं गाव गोदाकाठचं, निफाडपासून आठ किलोमीटर. इथली थंडी कशी असते ते घरात बसून कळत नाही, सायकलवर कळतं. थंड हवा जड असते, ती खोलगट जागी साचते. म्हणून माळावर असेपर्यंत गारठा सोसवतो आणि सायकल नाल्याच्या उताराला लागली की पाण्यात उतरल्यासारखं होतं. नदीच्या अंगाला धुई इतकी दाट, की पुढचं चाक दिसतं, त्याच्यापुढचं काही नाही. उतारावर हुडहुडी भरते, चढावर घाम फुटतो. घाम आल्यावर थांबायचं नाही, हा पहिला नियम आम्हाला मोठ्यांनी शिकवला. थांबलं की तोच घाम अंगावर गार होतो.

सायकल आमच्या भागात आली ती साहेबाची म्हणून. हवा भरलेला टायर डनलॉपनं 1888 साली काढला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत विलायती सायकली मुंबईच्या बंदरात उतरू लागल्या. खेड्यात मात्र ती बराच काळ मामलेदार कचेरीतल्या कारकुनाची, नाहीतर सावकाराची. 1939 साली मुंबईत हिंद सायकल निघाली. स्वातंत्र्यानंतर मद्रासकडं हर्क्युलस, सोनीपतला ॲटलस, 1956 साली लुधियान्याला हिरो, असे देशी कारखाने उभे राहिले तेव्हा कुठं शेतकऱ्याच्या पोराला सायकलचं स्वप्न पडू लागलं. तरीही ती चैनच समजली जाई. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात सायकलवर कर बसवायची तरतूद होती. कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो हॅण्डलखाली अडकवायचा. आमच्या आबांनी कांद्याच्या पट्टीतून जुनी हर्क्युलस घेतली, त्या दिवशी आईनं तिला हळदकुंकू लावलं. बैलाला लावतात तसंच.

त्याच वर्षी मी आठवीला निफाडला जाऊ लागलो. साल 1972, म्हणजे दुष्काळाचं. गावाहून निघणारी वाट तोवर गाडीवाटच होती, चाकोऱ्यांची. दुष्काळी कामं निघाली आणि ती रुंद होऊन तिच्यावर खडी पडली. ती खडी फोडायला आमची आई होती, चुलती होती, निम्मं गाव होतं. हिवाळ्याच्या सकाळी गार हातोडा हातात धरून त्या बाया बसत आणि मी त्यांच्या शेजारून सायकल काढत शाळेला जाई. पुढं साऱ्या पंचक्रोशीची पोरं ज्या रस्त्यानं शिकली तो असा झालेला आहे.

गावातून आठवीला आम्ही नऊ जण गेलो होतो. सायकल चौघांकडे. बाकीचे पाच चालत. शाळा सकाळची, सव्वासातची. आठ किलोमीटर चालायचं तर पाचच्या आत घर सोडावं लागे, अंधारात, अनवाणी किंवा टायरच्या चपलेत. पावसाळ्यात ते आले, दिवाळीपर्यंत आले. मार्गशीर्षात एकेक कमी होऊ लागला. तळपायाच्या भेगांतून रक्त येई, छाती भरून येई. संक्रांतीला तीळगूळ वाटला तेव्हा चालणाऱ्यांतले दोघेच वर्गात होते. गळालेल्या तिघांतला एकजण गणितात माझ्याहून कितीतरी पुढं होता. शाळा कुणी सोडली याचा हिशेब पुढं लोकांनी गरिबीवर टाकला, आणि तो खोटा नाही. पण आमच्या वर्गातली गरिबी नेमकी कुठल्या महिन्यात जिंकली ते मी पाहिलंय. ज्याच्याकडं सायकल होती तो 1975 साली दहावीला बसला. आमची बॅच नव्या दहावीची पहिली, जुन्या अकरावीवाल्यांबरोबर एकाच वर्षी निघालेली.

सायकल नुसती असून भागत नसे, हिवाळ्यात ती सांभाळावी लागे. रात्रीच्या गारठ्यानं ट्यूबमधली हवा आकसते, सकाळी चाक मऊ लागतं, म्हणून निघण्याआधी पंपाचे चार-सहा दट्टे मारायचेच. चाकाच्या आसातलं ग्रीस घट्ट होतं, पहिला मैलभर पायडल जड जातं. ब्रेक लोखंडी कांबीचे. दवानं रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतं, म्हणून उताराच्या आधीच ब्रेक हलके दाबत रिम पुसून घ्यायची. डायनामोचं तसंच. ओल्या टायरवर त्याचं चाक घसरलं की दिवा मिणमिणायचा. पंक्चर झालं तर सोल्युशन लवकर सुकत नसे. ठिगळ काखेत धरून ऊब द्यायची, मग चिकटवायचं.

अंगाला स्वेटर असेच असं नाही. सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घालायची. कागद वारा अडवतो. डोक्याला कानटोपी, गळ्याला आबांचा मफलर. हातमोजे कुणाला ठाऊक? जुने पायमोजे हातात चढवायचे. तरी हॅण्डलचं लोखंड बोटं खाई. शाळेत पोचल्यावर पहिला तास पेन धरता येत नसे, बोटं ठणकत. ती एकदम शेकायची नाहीत, आधी काखेत धरायची, हेही रस्त्यानंच शिकवलं.

माझ्या सायकलला दुसरं काम होतं दुधाचं. 1970 साली ऑपरेशन फ्लड सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडं दूध हा नगदी माल झाला. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायच्या, निफाडला दूध घालायचं आणि रिकाम्या किटल्या घेऊन शाळेत जायचं. थंडी सायकलवाल्याची वैरीण, पण दुधाची मैत्रीण. उन्हाळ्यात वाटेत फाटणारं दूध हिवाळ्यात तासभर उशीर झाला तरी टिकायचं, फॅटही जरा बरी लागायची. घरचं मीठमिरची त्या पैशावर चालायचं.

या दुधाला आणखी एक बाजू आहे. माझी धाकटी बहीण 1973 साली सातवी झाली, गावच्या शाळेत पहिली. पुढं निफाडला धाडायचं की नाही यावर घरात फार चर्चा झाली नाही. पोरीनं अंधारात आठ किलोमीटर चालत जायचं नाही आणि पोरीनं सायकल चालवायची नाही, एवढ्या दोन वाक्यांत विषय मिटला. आबांनी तो मिटवला, आणि त्या काळी आमच्या गावात दुसरं कुणी वेगळं वागलं नाही. पुढं खूप वर्षांनी, नातवंडं झाल्यावर, राखीपौर्णिमेला ती हसत हसत म्हणाली, “दादा, तुझ्या कॅरिअरवर दोन किटल्या बसत व्हत्या. मी काय किटलीपेक्षा जड व्हते का रे?” सगळे हसले. मी त्या प्रश्नाचं उत्तर अजून शोधतोय.

पहाटेच्या त्या रस्त्यावर आम्ही एकटे नसू. उसाचा गळीत हंगाम हिवाळ्यातच असतो. कारखान्याकडं निघालेल्या बैलगाड्यांच्या रांगा, खाली लोंबता कंदील, वर घोंगडीत गुंडाळलेला गाडीवान, असं चित्र असायचं. धुईत तो कंदीलच आमची खूण. ओझरला 1964 साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. आसपासच्या गावांतले कामगार पहिल्या पाळीला सायकलीवरून जात. आकाशात आवाजाच्या वेगानं जाणारं विमान बनवणारी माणसं खाली धुईत दांडीला डबा अडकवून पायडल मारत होती. शिवाय पेपरवाले, पोस्टमन, लासलगावच्या बाजाराला निघालेले हमाल. तोंडं मफलरात, त्यामुळं माणूस घंटीच्या आवाजावरून ओळखायचा.

मग गाड्या आल्या. 1972 सालीच निघालेली लुना हळूहळू मास्तरांच्या दारात दिसू लागली. 1985 नंतर चार स्ट्रोकची मोटारसायकल शेतकऱ्याला परवडू लागली, आणि द्राक्षाचा पैसा आल्यावर सायकल गोठ्यात गेली. दुधाचे कॅन मोटारसायकलला लटकले, पुढं टेम्पोत चढले.

आता थंडीतली सायकल परत आली आहे, पण हौसेची होऊन. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी 2015 साली अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत पुरी केली, तेव्हापासून तर रविवारी पहाटे हेल्मेटवाल्यांचे जथेच्या जथे निफाड रस्त्याला दिसतात. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जातात. मला बघून हात करतात, मीही करतो. त्यांचं मला कौतुक आहे, थंडीशी त्यांची गाठ खरीच असते. पण त्याच रस्त्याच्या कडेनं पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षाच्या कामाला आलेले मजूर जुन्या सायकलीवर बागेकडं चाललेले असतात, अंगात साधा सदरा. कडाका फार पडला की मणी तडकतात, म्हणून बागेत रात्रीच शेकोट्या पेटवायच्या असतात. मण्यांना ऊब द्यायला निघालेल्या त्या माणसांच्या हातांत मोजे नसतात.

आणि मुली. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या. आमच्याकडं आता बापच घेऊन देतात, पोरगी सातवी झाली की. गेल्या जानेवारीत, निफाडचं नाव पेपरात आलं होतं त्या आठवड्यात, मी नाल्याच्या चढावर उभं राहून आमच्या गावच्या मुली मोजल्या. अकरा होत्या. गणवेशावर स्वेटर, ओढणीनं तोंड बांधलेलं, चढाला उभ्या राहून पायडल मारत होत्या.

घरी येऊन बहिणीला फोन लावला, सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हातमोजे हायेत का रे त्यांना?”