मंगलोरी कौल

मराठीत ‘कौल’ असे दोन शब्द आहेत. एक पुल्लिंगी: देवाचा कौल, मतदारांचा कौल, कौलनामा. तो अरबीतून फारसीमार्गे आला आणि त्याचा अर्थ दिलेला शब्द, वचन. दुसरा नपुंसकलिंगी: छपरावरचं कौल. उच्चार एकच, कूळ वेगळं. कोकणातल्या देवळात दोघे एकाच वेळी भेटतात. गाभाऱ्यात लावलेला कौल आणि डोक्यावर पसरलेली कौलं.

मी बेंगळुरूत राहते आणि कन्नडमधून मराठीत भाषांतरं करते. या दुसऱ्या कौलाशी माझी गाठ वारंवार पडते. कन्नड कथांमधल्या घरांवर ‘मंगळूर हेंचु’ असतात. मी ‘मंगलोरी कौलं’ लिहिते आणि पुढच्या वाक्याकडे वळते. घरातल्या वस्तूंची नावं भाषांतरात सहसा फार छळतात. भांड्याचं नाव जुळलं तर आकार जुळत नाही, आकार जुळला तर वापर जुळत नाही. इथे मात्र शब्द गावाच्या नावासकट तयार मिळतो. रत्नागिरीच्या वाचकाला, धारवाडच्या वाचकाला आणि बसवनगुडीतल्या वाचकाला तेच लाल, खाचा असलेलं, चपटं कौल दिसतं. तीन ठिकाणच्या कुंभारांनी आपापल्या चाकावर केलेली वस्तू इतकी सारखी असणं शक्य नव्हतं. हा सारखेपणा कारखान्यातून आला आहे, आणि त्या कारखान्याची गोष्ट छपराच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे.

बाझल मिशन ही संस्था 1815 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात स्थापन झाली. तिचे पहिले मिशनरी 1834 साली मंगळूरला उतरले. त्यांतले बरेच जण दक्षिण जर्मनीतले होते. वाङ्मयाच्या वाचकांना ही मंडळी वेगळ्या कारणाने ओळखीची असतात. हेर्मान म्योग्लिंग यांनी 1843 साली ‘मंगळूर समाचार’ हे कन्नडमधलं पहिलं वृत्तपत्र काढलं. फर्डिनांड किटेल यांचा कन्नड-इंग्रजी कोश 1894 साली मंगळूरलाच छापला गेला. मल्याळम कोश करणारे हेर्मान गुंडर्ट हे कादंबरीकार हेर्मान हेसे यांचे आजोबा. हे कोश ज्या मिशनने घडवले, त्याच मिशनने कौलंही घडवली, आणि दोन्हींमध्ये एक माणूस सामाईक आहे. गेओर्ग प्लेब्स्ट 1851 साली मंगळूरला आले ते मिशनच्या छापखान्यासाठी. पेशाने ते यंत्रकारागीर होते. कन्नड अक्षरांचे खिळे सुधारण्याचं कामही त्यांच्याकडे होतं. 1865 साली जेप्पू भागात, नेत्रावतीच्या काठी, त्यांनीच मिशनचा कौलांचा कारखाना सुरू केला. साच्यातून एकसारखी अक्षरं काढणारा माणूस साच्यातून एकसारखी कौलं काढू लागला.

कौलाचा घाट मात्र मंगळूरचा नव्हता. एकमेकांत अडकणारी चपटी कौलं 1841 साली आल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी शोधली होती. तोवर आपल्याकडे सगळीकडे नळे असत: चाकावर नळी काढायची, ती उभी चिरायची, अर्धगोल भाजायचा. नळे एकावर एक नुसते ठेवलेले असतात. वाऱ्याने हलतात, माकडांनी विस्कटतात, म्हणून दर पावसाळ्याआधी शाकारणी आली. अडकणाऱ्या कौलाच्या कडेला खाच असते आणि शेजारच्या कौलाची कड त्या खाचेत बसते. मागच्या बाजूला रिपेत अडकणारी नाकं असतात. एका चौरस मीटरला साधारण 15 कौलं पुरतात. नळ्यांच्या दुहेरी थरापेक्षा हे छप्पर हलकं पडतं, त्यामुळे वासे कमी जाड चालतात. मुसळधार पावसाच्या किनाऱ्याला याहून वेगळी जाहिरात लागली नाही. नेत्रावतीच्या खोऱ्यात चिकणमाती होती, घाटातून जळण येत होतं आणि दाराशी बंदर होतं. गलबतांतून ही कौलं मुंबईला, कोकणातल्या बंदरांना आणि समुद्रापलीकडे गेली.

पण मिशनला कारखाना हवा कशाला होता? याचं उत्तर छपरात नाही, घरात आहे. धर्म बदलला की माणूस जातीबाहेर पडे. जातीबरोबर धंदा, शेत आणि पुष्कळदा राहतं घरही जाई. दक्षिण कानडा भागात धर्मांतर केलेल्यांमध्ये बिल्लव समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. ताडी काढणं हा त्यांच्यातल्या अनेकांचा धंदा, आणि तो मिशनला मान्य नव्हता. म्हणजे एकीकडे गावाने रोजगार काढून घेतला, दुसरीकडे मिशनने. या माणसांना काम देण्यासाठी मिशनने सुतारकाम, घड्याळकाम, पुस्तकबांधणी असं बरंच काही करून पाहिलं. टिकले दोनच धंदे, विणकाम आणि कौलं. सैनिकांच्या खाकी कापडाचा रंग मंगळूरच्या मिशनच्या विणकामशाळेतून आल्याचं सांगितलं जातं. त्यातून 1859 साली व्यापारासाठी मिशनची वेगळी कंपनीच उभी राहिली. पुढे कोळिकोड, कुद्रोळी, मलपे, कोडक्कल, पालक्काड आणि फेरोक इथेही मिशनच्या कौलांच्या भट्ट्या पेटल्या.

या व्यवहारात दया होती आणि हिशेबही होता, आणि दोन्ही एकाच वहीत लिहिलेले होते. ज्याने बाप्तिस्मा दिला तोच मजुरी देणार, त्याच्याच जागेत राहायचं, त्याच्याच भोंग्यावर उठायचं. माती मळणं, साच्यात दाबणं, कडा तासणं, सावलीत वाळवणं, भट्टी लावणं ही पुरुषांची आणि बायकांची कामं वाटलेली असत. डोक्यावरून कौलं वाहणं बहुतेक बायकांकडे. ज्यांचं स्वतःचं छप्पर गेलं होतं, ती माणसं लाखोंच्या डोक्यावरचं छप्पर करत होती. या वाक्यात मला करुणा किंवा उपहास यांतलं एकच काही निवडता येत नाही. गावाने टाकलेल्या माणसाला महिन्याची मजुरी मिळाली, तीही जातीचा प्रश्न न विचारता. एवढी गोष्ट त्या काळी लहान नव्हती. आणि तिची किंमत म्हणून त्याचं सगळं जगणं एका मालकाच्या आवारात आलं, हीही लहान नव्हती.

दुसरी किंमत कुंभारांनी मोजली. हा हिशेब मिशनच्या इतिहासात सहसा येत नाही. एका गावातल्या बेघरांना काम देणारं कौल जिथे जिथे पोहोचलं, तिथे तिथे नळे करणाऱ्याचं गिऱ्हाईक गेलं. मडकी, पणत्या, चुली उरल्या. पुढे खादी आणि ग्रामोद्योगाच्या चळवळीला कुंभारकामाचं प्रशिक्षण देणारी संस्था काढावी लागली. ती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला आहे, हे सीमाभागातल्या मराठी वाचकाला माहीत असेल. खानापूरची माती चांगली, म्हणून तिथेही कौलांचे कारखाने आले. एकाच मातीवर चाक आणि साचा शेजारी शेजारी राहिले.

मिशनची मक्तेदारी मात्र फार काळ राहिली नाही. 1868 साली मंगळूरमध्येच आल्बुकर्क घराण्याचा कारखाना निघाला आणि मागोमाग इतरही निघाले. प्रत्येकाने कौलाच्या पाठीवर आपलं नाव उठवलं. जुन्या बाझल कौलांवर 1865 हा आकडा दिसतो आणि घरमालक मोठ्या अभिमानाने तो घराचं वय म्हणून दाखवतात. तो आकडा कारखान्याच्या जन्माचा आहे, कौलाच्या नव्हे. प्रत्येक कौल आपल्या कंपनीचं जन्मवर्ष पाठीवर घेऊन फिरतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. जर्मन मिशनरी रातोरात शत्रूचे नागरिक ठरले. त्यांच्यापैकी काहींना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केलं गेलं. मिशनची मालमत्ता सरकारने ताब्यात घेतली आणि युद्धानंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. भट्ट्या त्याच, कामगार तेच. मालकाचा धर्म बदलला नाही, देश बदलला.

बेंगळुरूला हे कौल किनाऱ्यावरून घाट चढून आलं. मंगळूरला रेल्वे पोहोचली 1907 साली, तीही केरळच्या बाजूने. हासनमार्गे बेंगळुरूला जोडणारा लोहमार्ग व्हायला 1979 उजाडलं. तरीही 1898 च्या प्लेगनंतर आखलेल्या बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहतींत कौलारू घरं उभी राहिली. प्लेगने दाट वस्तीची भीती बसवली होती आणि हवा खेळणारं घर हा आरोग्याचा प्रश्न झाला होता. मुंबईत तर त्याच साथीत ऊन आत यावं म्हणून घरांवरची कौलं उतरवली जात होती. बेंगळुरूच्या नव्या वसाहतींत चढत्या छपराखालून गरम हवेला वाट मिळाली. पेटेतल्या धाब्याच्या घरांशेजारी शहराला दुसरा चेहरा आला.

आज त्या घरांची संख्या दर वर्षी कमी होते आहे. जमिनीचा भाव घरापेक्षा मोठा झाला की छप्पर आधी उतरतं. सिमेंटच्या सपाट छतावर आणखी एक मजला चढवता येतो. कौलावर येत नाही. कारखान्यांचीही तीच गत झाली. जळण महागलं. माती तर भाताच्या शेतांतूनच काढावी लागत होती. केरळात 2008 साली भातशेती आणि पाणथळ जागा वाचवण्याचा कायदा आला, तेव्हा चिकणमाती आणखी दुर्मीळ झाली. त्या कायद्याला दोष देता येत नाही. दीडशे वर्षं छपरं कुठून येत होती, हे त्याने उघडपणे सांगितलं एवढंच.

भारतीय मानकांमध्ये 654 क्रमांकाचं एक मानक आहे. त्याच्या शीर्षकातच ‘मंगलोर पद्धतीची’ कौलं असं म्हटलेलं आहे. गावाचं नाव मापाचं नाव झालं. आल्सासचा घाट, बाझलचं भांडवल, तुळुनाडूतले हात, नेत्रावतीची माती, यांतलं फक्त बंदराचं नाव शब्दात उरलं. भाषांतर करताना मी आजही ‘मंगलोरी कौलं’ असंच लिहिते, कारण याहून अचूक शब्द नाही. तळटीप देत नाही. पण मूळ लेखकाने घर गरिबाचं की श्रीमंताचं हे सांगितलेलं नसेल, तर छप्पर नळ्यांचं की मंगलोरी हे मी आधी शोधते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गावात तेवढ्यावरून घराची ऐपत कळते.

जुनी कौलं बेंगळुरूत अजून विकली जातात, उतरवलेल्या घरांची. काही वास्तुरचनाकार ती काँक्रीटच्या छताच्या पोटात, सळ्यांच्या चौकटीत बसवतात. छताच्या खालच्या भागातलं काँक्रीट तसंही ताण घेत नाही. तिथे कौल भरलं की सिमेंट वाचतं आणि वजनही घटतं. ज्या काँक्रीटने कौलाला छपरावरून उतरवलं, त्याच्याच आत आता ते बसलं आहे. खोलीत आडवं पडून वर पाहिलं तर पाठीवरचं नाव आणि साल वाचता येतं. तिथे पाऊस लागत नाही, माकड येत नाही, शाकारणी नाही. वाचणाऱ्याला एवढंच ठाऊक असावं, की ते साल कौलाचं नाही. ज्यांनी ते केलं त्यांना काम मिळालं, त्या वर्षाचं आहे.