चिमूटभर मीठ आणि खडकातली वाट

आज आपण एका कोड्याचा इतिहास पाहू. जमिनीत थंड खडक उतरतो आणि नेमक्या त्याच्याच वर ज्वालामुखी पेटतात. हे कसं?

जपानच्या कियो वादाती यांनी १९२८ मध्ये दाखवलं की भूकंप शेकडो किलोमीटर खोलवरही होतात. १९३५ मध्ये ते म्हणाले, हे भूकंप एका तिरप्या पट्ट्यात येतात. तो पट्टा म्हणजे आत सरकणारा समुद्रतळ, हे १९६० च्या दशकात भूपट्टांच्या सिद्धान्तानं उलगडलं. पण समुद्रतळ तर थंड. मग वरचं प्रावरण वितळतं कशानं? पाण्यानं. खनिजांत बांधलेलं पाणी दाबानं आणि उष्णतेनं सुटतं, वर चढतं. आणि ओला खडक कोरड्यापेक्षा शेकडो अंश आधी वितळतो.

इथे आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं हात वर करतो. कारण सापडलं, पण ते कार्यापर्यंत पोचलं कोणत्या वाटेनं? खडकात नळ थोडेच असतात!

वाट असते कणांच्या कडांवर. दोन कणांच्या मध्ये पाणी शिरतं तिथे एक कोन होतो. तो ६० अंशांपेक्षा कमी असेल तर थोडंसं पाणीही कडेकडेनं सलग पसरतं. जास्त असेल तर ते कोपऱ्यांत थेंब होऊन अडकतं. ऑलिव्हीन हे वरच्या प्रावरणाचं मुख्य खनिज. त्यात शुद्ध पाण्याचा कोन कमी खोलीवर ६० च्या वर राहतो. म्हणजे वाट बंद.

फिलिपिन्समधला पिनाटुबो १९९१ साली फुटला, ते पुष्कळांना आठवत असेल. त्या ज्वालामुखीनं वर आणलेल्या प्रावरणाच्या तुकड्यांत सूक्ष्म थेंब कोंडलेले होते. तात्सुहिको कावामोतो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सांगितलं की ते खारे आहेत, मीठ सुमारे ५ टक्के. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के असतं. पुढे प्रयोगांत दिसलं की पाण्यात मीठ असलं की कोन घटतो, ६० च्या खाली येतो. वाट उघडते.

आपण विचार सोपा व्हावा म्हणून ‘शुद्ध’ पाणी कल्पिलं. त्यात गैर काही नाही. विज्ञान असंच सुरू होतं. पण अशुद्धी म्हणून बाजूला ठेवलेलं मीठच वाट उघडणारं निघालं. म्हणून सोपं करताना काय वगळलं, याची नोंद जवळ ठेवावी. पुढे अडलो तर तिथूनच पुन्हा सुरुवात करता येते.