रानकांदा : औषधीच्या वहीतून परसात

चैत्र-वैशाखात माळव्याचे काय किंवा दख्खनचे काय, माळ करपलेले असतात. अशा दिवसांत पानांचा मागमूस नसलेला एक लांब दांडा जमिनीतून वर येतो आणि त्यावर फिकट, तपकिरी-हिरवट छटेची लहान फुले उमलतात. हा रानकांदा. वनपलांडू व कोलकंद ही त्याची संस्कृत नावे. फुले सरल्यावर, पाऊस पडला की पाने फुटतात, कांद्यात अन्न साठवतात आणि पुढे वाळून जातात. कोरड्या दिवसांत कांदा मातीखाली निजलेला असतो.

आधुनिक वनस्पतिशास्त्रात त्याचे वर्णन विल्यम रॉक्सबर्ग यांनी केले. १७९३ मध्ये ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक झाले. त्यांचा ‘फ्लोरा इंडिका’ हा ग्रंथ मात्र त्यांच्या निधनानंतर, १८३२ मध्ये संपूर्ण प्रसिद्ध झाला. त्यांनी दिलेले ‘सिल्ला इंडिका’ हे नाव कुंट यांनी १८४३ मध्ये ‘उर्जिनिया’ व जेसॉप यांनी १९७७ मध्ये ‘ड्रिमिया’ असे पालटले. ‘इंडिका’ हे उपपद तेवढे टिकले.

इंग्रजांना त्याचे अगत्य वाटले ते औषधापुरते. भूमध्य समुद्राकाठचा त्याचा भाऊबंद, ‘स्क्विल’, ग्रीक वैद्यांच्या काळापासून खोकला व जलोदर यांवर दिला जात असे. इथला कांदा त्याच गुणाचा म्हणून मुंबईच्या विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्यासह सिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त (१८९०-९३) त्याची नोंद झाली. त्यातील द्रव्ये हृदयाच्या गतीवर परिणाम करतात व मात्रा चुकल्यास ती विषच ठरतात. घरगुती उपचारास म्हणूनच तो सर्वथा वर्ज्य होय.

फूलझाड म्हणून मात्र त्यास मान मिळाला नाही. त्या राजवटीत आपल्या बागांत डेलिया, फ्लॉक्स अशी परदेशी फुले आली, आणि उत्तम बाग म्हणजे बारमाही ओली बाग ही समजूत रुजली. भर उन्हात रोज पाणी पिणाऱ्या वाफ्यात निजलेला रानकांदा कुजतो. माळावर जगणारे झाड परसात मेले, की दोष झाडाच्या रानटीपणास दिला जाई.

तो लावणे अवघड नाही. मुरूम व वाळू मिसळलेली, पाणी न साचणारी उन्हाची जागा निवडावी. कांद्याची मान मातीच्या पृष्ठभागाशी राहील असा तो पुरावा. पावसाळ्यात निसर्ग देईल तेवढे पाणी पुरते. पाने पिवळी पडू लागताच पाणी पूर्ण थांबवावे, ते थेट पुढल्या मृगापर्यंत. कुंडीत लावल्यास ती छिद्राची, मातीची असावी. रस अंगास लागल्यास खाज सुटते, म्हणून हात जपावेत व मुलाबाळांपासून तो दूर ठेवावा. माळावरचे कांदे मात्र उपटून आणू नयेत. काळे, चपटे बी जमवून पेरावे. फुलास काही वर्षे लागतात, ती लागू द्यावीत.

इंदूर असो, ग्वाल्हेर असो की हैदराबाद, जुन्या वाड्यांच्या विहिरी आटत चालल्या आहेत. वैशाखात एक थेंबही न मागता फुलणारे झाड आपल्या भूमीत मुळातच होते. पाणी न घालणे हीही मशागतच आहे, एवढे आमच्या पिढीने मान्य केले, तरी परसात त्यास जागा मिळेल.